प्रॉसर नेमका कुठला?

मी पितळेची पाटी बोलतेय. दुबईतल्या एका इंग्रजी क्लबात, वाचनालयाच्या दाराशेजारी मला लटकवलंय. माझ्यावर इडवाल प्रॉसर नावाच्या, कधीच वारलेल्या एका इंजिनियरचं नाव आहे. त्याने म्हणे इथल्या वाळूत विहिरी खोदून गोडं पाणी काढलं. काढलं असेल, मी काही बघायला गेले नव्हते. मी बघितलं ते भिवाला.

भिवा संगमेश्वरकडचा. जहूरशेठच्या पाट्यांच्या दुकानात हाताने अक्षरं कोरायचा. १९९८च्या फेब्रुवारीत त्याने मला पत्र्यातून कापलं, घासून चकचकीत केलं, छिन्नीने अक्षरं कोरून त्यांत काळा रंग भरला. नावाखाली लिहिलं, 'ब्रिटिश इंजिनियर'. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी खूश होते.

क्लबच्या कमिटीपुढे मला ठेवलं आणि तिथेच माशी शिंकली. वेल्सहून आलेला एक शाळामास्तर लालबुंद झाला. प्रॉसर वेल्श होता, त्याला ब्रिटिश म्हणणं म्हणजे त्याचं मूळच पुसणं, असं त्याचं म्हणणं. एका निवृत्त अधिकाऱ्याने टेबलावर मूठ आपटली. पासपोर्ट ब्रिटिश, तर माणूसही ब्रिटिश! मीटिंग महिन्यातून एकदाच. चहा, सँडविच आणि हे भांडण.

क्लबच्या ऑफिसातला धनंजय, पुण्याचा, मला परत दुकानात घेऊन आला.

"भिवा, ब्रिटिश काढ, वेल्श घाल."

"वेल्श म्हंजे काय ओ, साहेब?"

"अरे, तू कोकणी आणि इंडियन, तसा तो वेल्श आणि ब्रिटिश."

"मग भांडताव कशाला? त्याचा गाव लिवा. आमच्यात मानूस गावावरनं वळखतात."

"आता कमिटीला मी शिकवू? अर्जंट आहे, यल्ला!"

धनंजयने भिवाची ही गावाची सूचना कमिटीला सांगितलीच नाही. साहेबांपुढे त्याची दातखीळ बसते.

भिवाला घाई वेगळीच होती. मेमध्ये त्याच्या धाकट्या बहिणीचं, समिधाचं लग्न. वडील नाहीत, हा एकुलता एक भाऊ. लग्नात कानपिळीला भाऊ लागतो. नवऱ्या मुलाचा कान पिळून 'बहिणीला नीट सांभाळ' हे त्यानेच बजावायचं. त्यासाठी त्याने दोन वर्षं रजा घेतली नव्हती. पण पासपोर्ट जहूरशेठच्या कपाटात, आणि हाताने कोरणारा दुकानात तो एकटाच.

"शेठ, मेरी छुट्टी?"

"क्लब का काम खलास कर, भिवा. फिर जा. इन्शाल्ला."

मार्चमध्ये मी वेल्श झाले. एप्रिलमध्ये अधिकाऱ्याने कडक पत्र लिहिलं, मी पुन्हा ब्रिटिश. नवा पत्रा द्यायला शेठ तयार नव्हता, म्हणून दर वेळी कानस घेऊन मलाच खरवडायचं. आधी भिवाचा हात हलका होता. आता तो दात-ओठ खाऊन घासायचा. मला दुखायचं, पण त्याला दोष कसा देऊ?

मेच्या मीटिंगला दोघेही भांडून दमले होते. मास्तर म्हणाला, प्रॉसरच्या जन्मगावाचं नाव घालू या का? अधिकारी म्हणाला, वा, काय कल्पना आहे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनंजय कोपऱ्यात मिनिट्स लिहीत होता. पेन खाली ठेवून त्यानेही टाळ्या वाजवल्या.

लग्न त्याच आठवड्यात होऊन गेलं. भिवाने गावाचं नाव कोरलं, धनंजय मला न्यायला आला.

"झालं का रे बहिणीचं लग्न?"

"झाला. कान शेजारच्या दत्तारामनं पिळला." भिवा माझ्यावरून फडकं फिरवत राहिला. "वराकडचे इचारीत व्हते, पोरीला भाऊ नाय काय? समिधा बोलली, हाय, दुबईला असतो. तर बोलले, म्हंजे नायच."

धनंजयने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गाडीत टाकलं.

याला पाच वर्षं झाली. मास्तर मायदेशी गेला, अधिकारीही गेला. सभासद माझ्यासमोरून जातात, त्यांची नजर दारावरच्या वेळापत्रकावर असते. प्रॉसर कुठला, हे कुणीही विचारत नाही.

तुम्ही कधी आलात, तर नावाखालच्या ओळीवरून बोट फिरवून बघा. तिथे मी झिजून खोलगट झालेय. पाटीवर कोरणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही, तेव्हा ते तुम्हीच मनात वाचा: भिवा, समिधाचा भाऊ.