पाय तिचे, डोळे त्याचे

कवळीवाल्याच्या चिमट्यात कुणातरी आजोबांचा सुळा होता. तो मेणात नीट उभा करायच्या बेतात असतानाच टेबलावरचा फोन थरथरायला लागला. एकदा थरथरून गप्प बसला असता तर ठीक होतं, पण तो थांबेचना. थरथरत, सरकत तो टेबलाच्या कडेला आला, त्याला पकडायला हा वाकला आणि सुळा गेला टेबलाखाली. मग त्या दातांच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना कारागीर जमिनीवर बसून एका हाताने सुळा चाचपतोय आणि दुसऱ्या हाताने फोन वाचतोय, हे दृश्य पॉलिश करणाऱ्या बाईंनी पाहिलं. त्या घाबरल्या. कुणी गेलं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"गेलं नाही हो," तो टेबलाखालूनच म्हणाला. "येतोय. दुसरा भाग येतोय."

बाईंना काडीइतकंही कळलं नाही. माणसाचं वय झालं की असं होतं, असं मनाशी म्हणून त्यांनी आपलं मशीन सुरू केलं.

पहिला भाग म्हणजे कंप्युटरवरचा एक खेळ. त्यात हातात कंदील घेतलेला एक वाटसरू होता, दऱ्याखोऱ्या होत्या, चेटकिणी होत्या, नाक उडालेले राक्षस होते आणि गावोगावी फुकटात कामं सांगणारी माणसं होती. कुणाची शेळी हरवलेली, कुणाची विहीर बाधलेली. हे सगळं निस्तरत वाटसरू शेवटी एका अफाट नदीवर पोचायचा. नावाडी त्याला होडीत घ्यायचा, मधल्या धारेत धुकं उतरायचं आणि संपलं. पलीकडचा काठ काही दिसायचा नाही. आता असा खेळ कुणी संपवतं का? पण तो तसाच संपला होता, आणि जगभरातली शहाणीसुरती माणसं त्या धुक्यात डोळे ताणून इतकी वर्षं बसली होती. कवळीवाला त्यांतलाच एक.

त्याची गोष्ट मात्र जरा निराळी होती. तो खेळ त्याने एकट्याने कधी खेळलाच नव्हता. खेळात डाव्या हाताखालच्या चार बटणांनी वाटसरूला चालवायचं आणि उजव्या हातातल्या माउसने मान वळवायची, तलवार चालवायची. लेक तेव्हा इवलीशी होती, चेटकिणींना भ्यायची, पण बाबाच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसल्याशिवाय राहायची नाही. तिला काहीतरी द्यावं म्हणून त्याने पहिल्याच दिवशी ती चार बटणं देऊन टाकली. तेव्हापासून वाटसरूचे पाय तिचे आणि डोळे त्याचे. हा बघेल तिकडे ती जायची, ती नेईल तिथे हा बघायचा. सुरुवातीला वाटसरू दारू प्यायल्यासारखा भिंतींवर आपटत फिरला. नंतर मात्र दोघांचं इतकं जुळलं, की तलवार उचलायच्या आत पाय मागे सरकलेले असायचे, बोलावं लागायचं नाही. ती कधी स्वस्थ उभी राहायचीच नाही. राक्षस मेला तरी आपली गोल गोल फिरतेय. म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं भिंगरी. पुढे घरादाराने तेच उचललं.

होडी धुक्यात गेली त्या संध्याकाळी भिंगरी रडून रडून हैराण झाली. मग डोळे पुसून तिनेच नियम केला. दुसरा भाग येईल तेव्हा पलीकडचा काठ दोघांनी एकदमच बघायचा. आधी कुणी एकट्याने बघायचा नाही.

दुसरा भाग आज येतो, उद्या येतो, असं करत राहिला. त्याची बायको म्हणायची, तुमचा दुसरा भाग आणि आपल्या इमारतीची लिफ्ट, दोन्ही मी गेल्यावर येणार. दरम्यान भिंगरीची उंची वाढली, आवाज बदलला, परीक्षा झाल्या आणि नोकरी लागली तीही अशी, की इस्पितळांमध्ये एक्स-रेची नवी मशिनं बसली की तिथल्या लोकांना ती शिकवत फिरायचं. पायाला भिंगरीच ती. आता फोनवर तिचं "बोल बाबा" इतक्या घाईत यायचं, की काय बोलायचं होतं ते हा विसरून जायचा.

दुसऱ्या भागाची तारीख आली आणि त्या खेळाच्या वेड्यांचा फोनवर जो गट होता, त्यात भांडणांना ऊत आला. हे लोक एकमेकांना बहुतेक नावानेही ओळखत नव्हते. एक याच्याच गल्लीतला ट्रकवाला होता, त्याला घोडा हवा होता, कारण दिवसभर गाडी चालवून घरी आल्यावर पुन्हा पायपीट कोण करणार? औषधाच्या दुकानातल्या ताई घोड्याच्या नावानेच भडकायच्या. चालायचंच नसेल तर खेळता कशाला, घरी पाय वर करून बसा, असं त्यांनी त्याला सुनावलं. कुणाला मुलूख मोठा हवा होता, कुणाला तेवढाच पण नीट. कुणी म्हणत होतं की नावाड्याचा आवाज बदलला तर पैसे परत मागणार. एक निवृत्त मास्तर होते. दुसरे भाग नेहमी नासतात हे त्यांचं ठाम मत, आणि तरी खेळ सगळ्यांत आधी त्यांनीच मागवला होता.

कवळीवाला सगळं नुसतं वाचायचा. त्याला वाटायचं, यांच्यातल्या कुणालाच दुसरा भाग नकोय. यांना पहिलाच पुन्हा एकदा पहिल्यांदा खेळायचाय. त्याला स्वतःला घोडा चालणार होता, नावाड्याचा आवाजही कसाही चालणार होता. डावीकडे स्टुलावर भिंगरी हवी, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याने तिला फोन केला, आणि ती चक्क ओरडली. येणार, नक्की येणार, नियम आहे ना, म्हणाली. त्या दिवशी कवळीवाल्याने बसवलेल्या कवळ्या घालणारे लोक नुसते हसतच सुटले असतील.

खेळ आला. भिंगरी नाही आली. कुठल्याशा इस्पितळातलं मशीन अडलं. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली, पुढच्या आठवड्यात दुसरंच काही निघालं. खेळ कंप्युटरमध्ये उतरवून तयार होता, पण याने तो उघडला नाही. उलट पलीकडच्या काठावर काय आहे ते चुकूनही कानावर पडू नये म्हणून त्याने गट सोडला. तरी एकदा बाजारात ट्रकवाल्याने गाठलंच. "काका, ती होडी..." एवढं त्याने म्हणताच याने भर रस्त्यात दोन्ही कान झाकले आणि डोळे मिटून जोरजोरात गुणगुणायला लागला. बायको शेजारी उभी होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, खेळून टाका आता. तिला कुठली आलीय सवड?"

"मला चालता येत नाही," तो म्हणाला.

ते खरंच होतं. त्याचा डावा हात त्या बटणांवर कधी गेलाच नव्हता. पण बायकोला कळलं की गोष्ट हाताची नाही, आणि तिने विषय सोडला.

अखेर एका रविवारी सकाळी भिंगरी आली. दुसऱ्या दिवशी निघायचंच होतं, पण आली. आईच्या गळ्यात पडली, चहा घेतला, आणि मग त्याच्याकडे बघून हसली. त्याने दुसरी खुर्ची आधीच डावीकडे ओढून ठेवली होती. स्टूल आता तिला बुटकं झालं असतं.

धुकं विरलं. होडी काठाला लागली. नावाड्याचा आवाज तोच होता. काय तो मुलूख! उंच गवत, त्यापलीकडे निळे डोंगर, पडका मनोरा, मनोऱ्याभोवती घिरट्या घालणारे पक्षी. तो बघतच राहिला. तिची बोटं बटणांवर टेकली आणि वाटसरू चालू लागला. इतक्या वर्षांनी, पण पायांची ती चाल त्याला लगेच ओळखू आली. जरा उतावळी, जरा तिरकी. त्याला वाटलं, आता आणखी काही नको.

वाटेत लाकडी पूल लागला. तो मान वर करून पक्षीच बघत होता, पडद्यावर नुसतं आभाळ होतं. तेवढ्यात पाय मधून जरा डावीकडे सरकले आणि कडेकडेने पुढे गेले. त्याने मान खाली केली, तर मधली फळी कुजून लोंबत होती. चांगलं झालं, तो म्हणाला. तीही म्हणाली, नशीब.

पुढे वेताच्या बनात पाय आपसूक थांबले. थांबण्यासारखं समोर काहीच नव्हतं. त्याने उजवीकडे वळून बघितलं, तर एका झोपडीच्या दारात पाठमोरी म्हातारी बसलेली. "अय्या बाबा, शेळीवाली आजी!" भिंगरी ओरडली. आणि मग म्हातारी वळली. खरंच, पहिल्या भागातली तीच, जिची शेळी हरवली होती ती.

आता या माणसाचं आयुष्य कवळ्या करण्यात गेलेलं. वरचा दात आधी टेकतो की खालचा, यातला केसभर फरकही त्याच्या हाताला कळायचा. इथे डोळ्यांच्या आधी पाय पोचले होते. एकदा झालं असतं तर नशीब म्हणून सोडलं असतं. त्याने तिच्याकडे न बघता माउस तसाच धरून ठेवला. तिने हे सगळं आधीच बघितलेलं होतं. कधी? बहुधा पहिल्याच दिवशी, तिच्या भाड्याच्या खोलीत, दोन्ही हात स्वतःचेच वापरून. पाय तिचे आणि डोळेही तिचे.

त्याला लागलं. खूप लागलं. आपण बाजारात कान झाकून गुणगुणत होतो तेव्हा ही इथून कधीच पुढे गेली होती, असं वाटून क्षणभर त्याला सगळं बंद करावंसं वाटलं. मग त्याने चोरून डावीकडे पाहिलं. भिंगरी पडद्याकडे डोळे मोठे करून बघत होती. लहानपणी स्वतःच फुलदाणी फोडून "कुणी फोडली?" म्हणून विचारायची, तेव्हाही ती डोळे असेच करायची. एवढा प्रवास करून, मिळालेली एकुलती एक सुट्टी घालवून ती ओळखीच्या वाटेवरून नवख्यासारखी चालत होती. कुणासाठी, ते सांगायला नको. त्याचा राग कुठल्या कुठे गेला, दुखणं मात्र तिथेच राहिलं.

"कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"तू बघशील तिकडे."

समोर मनोऱ्याकडे जाणारी वाट स्वच्छ दिसत होती. आंधळ्यानेही तीच धरली असती. कवळीवाल्याने मान पार उलट्या बाजूला फिरवली. तिकडे वाट नव्हती, घर नव्हतं, झाडही नव्हतं. नुसती राखाडी दलदल, क्षितिजापर्यंत. शहाणा माणूस तिकडे कशाला जाईल?

पाय घुटमळले. "तिकडे काही नसेल बाबा," ती म्हणाली.

"नसू दे. बघू तर."

तिने बटणं दाबली आणि वाटसरू चालू लागला. आता ती चाल उतावळी नव्हती, जपून होती. दोन पावलं पुढे, जरा थांबायचं, पुन्हा पुढे. डबकी, शेवाळ, कंदिलाचा पिवळा उजेड पाण्यात. मग एकाएकी वाटसरू कमरेपर्यंत गाळात गेला आणि भिंगरी किंचाळली. ही किंचाळी खरी होती. बटणं बडवतेय, खुर्चीतून उठतेय, बाबा वर बघ, बाबा काठी कुठेय, बाबा आपण गेलो. आई पदराला हात पुसत धावत आली, की झालं काय? बाप-लेक पोट धरून हसत होते आणि पडद्यावर वाटसरू रुतलेला होता. त्यांना त्याला बाहेर काढता येईना. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते, गाळात, आणि कवळीवाल्याला पुढचं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधताना ती म्हणाली, मी येईपर्यंत तू खेळ, चालणं काही अवघड नाही, दोन दिवसांत जमेल तुला.

"छे. पाय तुझे आहेत," तो म्हणाला. "तू मात्र खेळत जा, वेळ मिळेल तेव्हा. मला फक्त सांगू नकोस पुढे काय आहे ते."

नाडीवरची तिची बोटं थांबली. वर बघायला तिला वेळ लागला. बघितलं तेव्हा तो दाराला टेकून नेहमीसारखाच उभा होता, तिच्या डब्याची पिशवी हातात घेऊन.

"बाबा, मी..."

"बस चुकेल," तो म्हणाला आणि पिशवी पुढे केली.

ती गेल्यावर तो आत आला. पडदा चालूच राहिला होता. वाटसरू दलदलीत कमरेइतका उभा होता, कंदील जळत होता. त्याने डाव्या खुर्चीवरची तिची विसरलेली ओढणी उचलून घडी करून ठेवली, पडदा बंद केला आणि कामावर गेला. खुर्ची मात्र त्याने जागची हलवली नाही.