मधला गड्डा

माझी नणंद मला पहिल्यापासून पाण्यात पाहते, आणि मीही काही कमी नाही. एकाच घरात खाली मी, वर ती, मध्ये एक जिना आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा. तो होता तोवर दोघींकडून निदान निरोप तरी ये-जा करायचे. तो गेला आणि आम्ही उघड-उघड भांडायला मोकळ्या झालो.

भांडण कशावरून? एका वीतभर झाडावरून! नवऱ्याला आयरिसच्या बुटक्या फुलझाडांचं वेड होतं. उंच, ऐटबाज जातींना तो विचारायचा नाही. "वाऱ्यात आडव्या होतात त्या. माझी पोरं बघ कशी ताठ उभी," म्हणायचा. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बी धरलं की पेरायचं आणि पुढची काही वर्षं वाट बघत बसायचं. आलेली बहुतेक रोपं त्याने उपटून फेकली. एकच ठेवलं. शिळ्या चहाच्या रंगाचं फूल, आत जांभळा डाग. मला विचाराल तर दिसायला यथातथाच. पण ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं आणि ते त्याने केलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. तो मागे ठेवून गेला म्हणावं असं तेवढंच.

मग नणंदेने घर सोडायचं ठरवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण सामान बांधता बांधता बाईसाहेब खाली आल्या.

"वहिनी, दादाचं झाड मी नेणार."

"दादाचं? आणि दादा कोणाचा?"

"तुझ्या आधी माझा."

माझं डोकंच फिरलं. "अहो वन्सं, कधी खुरपं धरलंत का हातात? वर गॅलरीत खुर्ची टाकून हे वाळलं, ते पिवळं पडलं, एवढंच काय ते तुमचं बागकाम."

"आणि तू त्याला पाण्याची नळी सोडून झोपून गेलीस. कुजता कुजता वाचलं ते."

"उपटून चुलीत घालीन, पण तुम्हाला देणार नाही!"

"मग वाटणी कर," ती थंडपणे म्हणाली.

वाटणी करायची वेळही तीच होती. बहर ओसरला होता आणि रोपाची दाटी झाली होती. आयरिसचा गड्डा स्वयंपाकातल्या आल्यासारखा असतो. मधलं कांड जुनं. त्याला एकदा फूल येऊन गेलं की ते पुन्हा फुलत नाही. फुलायचं ते कडेच्या नव्या फुटव्यांनी. म्हणून जाणकार कडेचे फुटवे लावतात आणि मधला गड्डा फेकून देतात. हे नवऱ्याने माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं.

मी गड्डा उकरला, माती झटकली, सुरी घेतली. नणंद हाताची घडी घालून डोक्यावर उभी.

"मला मधला हवा," ती म्हणाली. "तुकडे-बिकडे नकोत. मूळ झाड हवं."

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. घे बाई, घे! पण चेहरा पाडून मी म्हटलं, "असं कसं? मूळ तर माझ्याकडे राहायला हवं."

"मधला दे, नाहीतर बाकीचे तुला सुखाने लावू द्यायची नाही."

मी एक मोठा सुस्कारा सोडला आणि तो वाळका, बिनपानांचा गोळा तिच्या हातात ठेवला. तिने तो रुमालात गुंडाळला आणि जिना चढली. त्याच आठवड्यात गेलीसुद्धा.

मी मात्र मन लावून काम केलं. खडी मिसळून उंच वाफा केला, पानं निम्मी छाटली, फुटव्यांच्या पाठी उन्हाला उघड्या ठेवल्या. सगळे लागले. थंडी सरली तशी वाफाभर कळ्या धरल्या. त्यातलं एक फुललेलं रोप कुंडीत घेतलं आणि बस पकडून नणंदेकडे निघाले. प्रेम उतू जात होतं म्हणून नव्हे. मला तिचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

तिने दार उघडलं, कुंडीकडे पाहिलं आणि बाजूला झाली. खोलीत पलंग, टेबल, औषधांच्या बाटल्या. खिडकीत एका बशीत तो गड्डा, पार वाळलेला. माती अजून तशीच चिकटलेली.

"अगंबाई! लावलाच नाहीत?"

"नाही."

मला राहवलं नाही. "लावूनही काय होणार होतं म्हणा. मधला गड्डा फुलत नाही, वन्सं!"

ती हसली. "तू या घरात यायच्या आधी दादाच्या आयरिसची मुळं धुवायला मी बसायचे. मला शिकवतेस होय?"

"मग मागितलात कशाला?"

तिने गड्डा उचलून तळहातावर ठेवला. "हा त्याने लावला. स्वतःच्या हाताने माती दाबून. तुझं हे तो गेल्यावर फुटलेलं. ना त्याने याला हात लावला, ना पाहिलं. कर की, शंभर रोपं कर."

संताप तर आलाच, पण त्याहून मला तो गड्डा हवा झाला. असा हवा झाला की हात पुढे गेला. तिने मूठ मिटली.

"अर्धा द्या," मी म्हटलं.

"नाही."

"ही कुंडी ठेवून जाते. आणखी चार आणून देते, फुलांसकट."

"नकोत."

"वन्सं, मी मागतेय तुमच्याकडे."

"कळतंय की. सुरी धरून मनात हसत होतीस, तेही कळलं होतं." तिने गड्डा बशीत ठेवला. "कुंडी घेऊन जा. जिन्यात माती सांडू नकोस, खालची बाई ओरडते."

परतीच्या बसमध्ये मी कुंडी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाई कौतुकाने फुलावर वाकल्या.

"किती वेगळा रंग! कोणी लावलंय हो?"

"मी," म्हणाले. "मीच लावलंय."