गैरवापराचा कागद

दादाच्या गाडीच्या पुढच्या एक्सलमधून निघालेलं तेल दुधाळ होतं. मिस्त्रीने ते पत्र्याच्या डब्यात धरलं आणि डबा माझ्यापुढे केला. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, असं मी शाळेत दरवर्षी शिकवते. दातेरी चाकांनी तासभर घुसळलं तर मिसळतात, हे शिकवायचं राहून जातं. मी पट्टी घेऊन गाडीखाली शिरले. दोन चाकं जोडणाऱ्या त्या बंद दांड्याच्या माथ्यावर, आतल्या हवेला जाण्यायेण्यासाठी, करंगळीएवढी एक तोटी होती. जमिनीपासून सत्तेचाळीस सेंटिमीटरवर. गाडी बंद पडली त्या दिवशी ओढ्याचं पाणी चौपन्न होतं. तिथल्या खडकावर मी रंगाने खुणा केल्या आहेत आणि शाळेत जाता-येता त्या रोज वाचते. गाडीच्या माहितीपुस्तकात मात्र लिहिलं होतं की ही गाडी सत्तर सेंटिमीटर पाण्यातून बिनधोक जाते.

चढावर तापलेला दांडा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तोटीतून पाणी आत ओढते. तोटीला दोन हात रबरी नळी जोडून ती वर इंजिनापर्यंत नेली असती, तर काही झालं नसतं. दोन हात नळी. ती बसवायची बुद्धी गाडी घडवणाऱ्यांना झाली नाही.

त्याला चार महिने झाले. तेव्हापासून दादाची गाडी अंगणात चार दगडांवर उभी आहे.

आमची वस्ती डोंगराच्या खांद्यावर आहे आणि डांबरी रस्ता तळाशी. मधे ओढा, मुरूम, आणि ओलं झालं की साबणासारखी होणारी लाल माती. बावीस घरांचं दूध दादा रोज सकाळी खाली न्यायचा. येताना पेंडीची पोती, आजारी माणूस, जे असेल ते आणायचा. गाडी बसल्यापासून दूध बायका नेतात. माझी वहिनी सगळ्यात पुढे. उतरायला दीड तास, चढायला दोन.

कंपनीने दुरुस्ती फुकट करून द्यायची तयारी दाखवली होती. फक्त एका कागदावर सही हवी होती. कागदावर एकच वाक्य होतं: ‘सदर बिघाड वाहनाच्या गैरवापरामुळे झाल्याचे मला मान्य आहे.’ तो कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीखाली पडून होता. दादा त्यावर सही करेना आणि तो फाडेनाही. जेवताना एकदा तिकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

वहिनी भांडी आपटायची. सही केली तर यांची बोटं झडणार आहेत का, असं चुलीला विचारायची. मी एकदा म्हटलं की वहिनी, ते खोटं आहे, खोट्यावर सही कशी करायची? तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"वन्सं, तुमचं बरं आहे. तुमच्या डोक्यावर फक्त अक्कल असते. माझ्या डोक्यावर कॅन असतो."

तिच्या मानेला गाठ आली होती, ती मला दिसत होती.

दादाचं मौन मात्र मला उशिरा कळलं. आमच्याकडे चांगला गाडी हाकणारा म्हणजे मोठा माणूस. दादा ओढ्याला दोन शिव्या घालतो आणि पाणी वाट देतं, असं लोक म्हणायचे. त्यामुळे त्याला कंपनीचा राग नव्हताच आला. त्याला स्वतःचाच संशय आला होता. आपण पाण्यात घाई केली का, गिअर चुकला का? हे तो कुणाला विचारणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांनी विचारलं की तो सांगायचा, पार्ट यायचेत.

अशात शोरूममधून निरोप आला. गाडीत काय सुधारणा हव्यात ते कंपनी गाडीमालकांच्या तोंडून ऐकणार होती. दादा जायला तयार नव्हता. मी शाळेतून रजा काढली आणि त्याला जवळजवळ ढकलतच नेलं. वहिनी दूध घालून, रिकामे कॅन घेऊन, परस्पर तिथे आली.

शोरूमची फरशी पांढरी होती. आमचे पाय लागू नयेत म्हणून दारापासून खुर्च्यांपर्यंत प्लास्टिक अंथरलेलं. मधोमध नवी कोरी गाडी, आणि तिच्या दारांवर चिखलाचे शिंतोडे. मी जवळ जाऊन नखाने खरवडलं. चिखल छापील होता. चिकटवलेला.

आमच्या भागात ही गाडी घेतलेले अकराच्या अकरा मालक आले होते. गळ्यात टाय बांधलेल्या एका साहेबाने प्रत्येकाला फॉर्म दिला. पहिलाच प्रश्न: गाडी कशासाठी वापरता? पर्याय तीन. साहस, सहल, छंद. दगडाच्या खाणीचा मालक बराच वेळ पेन धरून बसला. मग त्याने विचारलं की सुरुंगाचं सामान नेणं यातल्या कशात बसतं. साहेब म्हणाला, साहस लिहा. म्हातारा मेंढपाळ म्हणाला की मग मेंढरांना घेऊन मी सहलीला जातो असं लिहून टाका.

हसू झालं, पण थोडंच. मग लोक बोलायला लागले आणि हसू आटलं. खाणवाल्याचं म्हणणं असं की गाडी रुतली तर दोर बांधायचा हूक पुढे असावा, दिसेल असा असावा. यांनी तो प्लास्टिकच्या बंपरआड लपवलाय. ऐन घळीत त्याने हातोड्याने बंपर फोडला तेव्हा हूक सापडला. मेंढपाळ जॅकवर घसरला. बूड एवढंसं, की चिखलात गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पाताळात निघतो. गाडीत हातभर पडदा लावलाय, त्यावर गाणी दिसतात. त्यापेक्षा जॅकखाली हातभर पत्रा दिला असता तर त्याने कंपनीला आशीर्वाद दिला असता.

गुरांची डॉक्टरीण सगळ्यांत शेवटी बोलली. चारी चाकांना इंजिनाचा जोर द्यायला पूर्वी गिअरशेजारी हाताने ओढायचा दांडा असायचा, आता बटण आहे. एका गाईचं वासरू आडवं आलं होतं आणि ही चढाखाली बटण दाबत बसली होती. दिवा लुकलुकत होता. बारा मिनिटं. वर पोचली तेव्हा वासरू गेलं होतं.

"दांडा हाताला सांगतो, लागला की नाही," ती म्हणाली. "बटण काहीच सांगत नाही. बटण नुसतं चमकतं."

साहेबाने ते लिहून घेतलं. मी त्याच्या वहीत डोकावले. त्याने लिहिलं होतं: ‘महिला ग्राहक बटणाबद्दल भावनिक.’

माझे कान तापले. मी उठले आणि तोटीची उंची सांगितली, ओढ्याची सांगितली, पुस्तकातला आकडा सांगितला, हवा का आकसते तेही सांगितलं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असं चालणार नाही, असंही म्हणाले. साहेब समजूतदार हसला. आमच्या दादाकडे बघत म्हणाला की नाचता येईना की अंगण वाकडं होतंच, बाई.

"पाण्याची आमच्याकडे एकही तक्रार नाही. जे आलं तो गैरवापर. ग्राहकांनीच तसं लिहून दिलंय."

"ग्राहकांनी?" मी विचारलं. "अनेकवचन आहे. कोणी कोणी लिहून दिलंय?"

साहेब वही चाळायला लागला. खाणवाला आपल्या बुटांकडे बघत होता. मेंढपाळाने पटका काढून मांडीवर ठेवला.

"मी," डॉक्टरीण म्हणाली. "मागच्या पावसात. दुधाळ तेल निघालं होतं."

मग खाणवाल्याने कबूल केलं. गाडीला जरा विश्रांती दिलीय असं तो तेव्हा सगळ्यांना सांगत होता. मेंढपाळाने तर दोनदा अंगठा दिला होता. एकेक करत दहा जण निघाले. प्रत्येकाला वाटलं होतं की चुकलो तो मी एकटाच, आणि प्रत्येकाने आपली मूठ झाकून ठेवली होती. आम्हा सगळ्यांच्या अब्रूवर कंपनीने आपली अब्रू राखली होती.

"म्हणजे आपण सगळे एकाच साली गाढव झालो?" मेंढपाळ म्हणाला. "का गाढव दुसरीकडंच बसलंय?"

साहेबाचा चेहरा उतरला. तो खुर्ची ओढून दादाशेजारी आला आणि हळू बोलायला लागला, पण खोली लहान होती. फाईलमधून त्याने त्याच कागदाची दुसरी प्रत काढली. एवढी एकच राहिली आहे, म्हणाला. ही झाली की उद्या गाडी उचलतो, आठ दिवसांत तुम्ही रस्त्यावर. एक जरी तक्रार सहीवाचून राहिली तरी मला ती वर कारखान्यात पाठवावी लागते. मग चौकशी, माणसं येणार, सगळ्या गाड्या उघडणार. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. तोवर गाडी तशीच. कशाला जिवाला ताप?

त्याने पेनचं टोपण काढून पेन दादाच्या हातात दिलं.

ज्यांनी सह्या केल्या होत्या ते त्याला करू नको म्हणणार कोणत्या तोंडाने? मला म्हणायचं होतं, पण वर्षभर कॅन वाहायचा तो माझ्या डोक्यावर नव्हता. मी वहिनीकडे बघितलं. ती दारातच उभी होती, प्लास्टिकच्या कडेला, फरशीवर. तिच्या चपलांची लाल माती पांढऱ्यावर उमटली होती. तिने दोन्ही कॅन खाली ठेवले. आवाज झाला तसे सगळे वळले.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी मी गाडीत होते. पहिल्या गिअरवर घातलीत तुम्ही पाण्यात. चालत्या बैलाच्या चालीनं. मी बघितलंय, आणि तुम्हालाही ठाऊक आहे."

दादाने मान वर केली नाही.

"दूध काय, नेईन मी. चार महिने नेलं, पुढंही नेईन. पण हे तोंड शिवून बसणं मला आता सोसत नाही. करायची तर करा सही, नाहीतर नाही म्हणा. पण बोला."

दादाने कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. ‘गैरवापर’ या शब्दावर तो थांबला, मग पेनला टोपण लावलं आणि ते साहेबाच्या वहीवर ठेवलं.

"मी गाडी बरोबर चालवली होती," तो म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आवाज आधी बसका होता, मग मोकळा झाला. "सही करणार नाही. पाठवा वर."