चार स्क्रू

गोंदाची ट्यूब साहेबांनी नेमकी तिच्या नव्या ड्रॉइंगवर आडवी ठेवली होती. बागेतल्या दिव्याच्या झाकणावर, जिथे तिने चार स्क्रू दाखवले होते तिथेच... “स्क्रू काढा, झाकण चिकटवून टाका. बिघडला की फेकायचा, नवा लावायचा. उघडतं कोण, बाई? संध्याकाळपर्यंत सही द्या.”

उघडतं कोण! बारा वर्षं हा माणूस तिचे दिवे दाखवून मिरवला — ‘आमचा दिवा कुणीही दुरुस्त करू शकतो’ — आणि आता हे. राग तुझ्या नाकाच्या शेंड्यावर, असं आई म्हणायची. असू दे. वस्तू उघडता यावी, आतलं बिघडलेलं बदलता यावं, एवढ्या एका हट्टापायी तिने नवऱ्याची बोलणी खाल्ली होती, लेकीच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर पोहोचली होती... आणि त्या सगळ्यावर ही ट्यूब! ती कुणाला न सांगता उठली. पलीकडच्या हॉस्पिटलच्या बागेत तिचे पहिले दिवे अजून चालू होते. तिथला मिस्त्री ते उघडत असताना फोटो काढायचा आणि साहेबांच्या टेबलावर आपटायचा.

मिस्त्री झुडपाखाली पोटावर पडून एक दिवा खरवडत होता. झाकणाच्या कडेला वाळलेल्या गोंदाचा पांढरा थर होता.

“हे कुणी चिकटवलं?” तिचा आवाज चढला.

“मीच. काय करणार, ताई? चार बारके स्क्रू, तेही खालच्या अंगाला. एक गवतात पडला की अर्धा दिवस शोधत बसा. हरवले तसे चिकटवत गेलो. आता हा गेला, अख्खाच बदलायचा.” तो कोपरावर उठून हसला. “ज्यानं बनवलाय ना हा दिवा, त्याला एकदा इथं पोटावर झोपवा.”

ऑफिसच्या टेबलावर ती हाच दिवा चाळीस सेकंदांत उघडून दाखवायची. स्वच्छ टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, स्क्रू ठेवायला वाटी — आणि भोवती टाळ्या वाजवणारी माणसं. बारा वर्षांत मातीत एकदाही नाही, हातमोजे घालून एकदाही नाही. नव्या ड्रॉइंगमध्येही तेच चार स्क्रू, जसेच्या तसे.

“तुम्ही कुठल्या खात्याच्या?”

“अशीच आले होते,” ती म्हणाली, आणि खोटं बोलल्याचाही तिला राग आला.

फाटकापर्यंत ती तरातरा चालली, मग पाय मंदावले. साहेब चूकच आहेत. फेकून द्यायला दिवा करायचा नसतो, हे मी आत्ताही कुणालाही तोंडावर सांगेन. सही मी करणार नाही... पण ‘लोक उघडतात’ असं ठणकावून सांगायला सकाळी जे तोंड होतं, ते आता कुठून आणू?