रविवारची वरची ओळ

हार्लन लिंडक्विस्ट एकतीस वर्षे वर्तमानपत्राच्या विनोदी चित्रमालिकेत एकच कुटुंब रेखाटत होता. मिनेसोटाच्या उपनगरातले प्रुइट कुटुंब: गवत कापायचे टाळणारा बाप, गॅरेजची किल्ली हरवणारी आई आणि नऊ वर्षांची डॉट. डॉट नऊच वर्षांची राहिली. जिच्यावरून ती रेखाटली, ती त्याची मुलगी मार्नी मात्र निसर्गनियमाप्रमाणे चाळिशीला पोचली. मार्चमध्ये मार्नीचे ठरलेले लग्न मोडले. मे महिन्यात डॉटच्या बाहुलीचे मोडले, आणि पाहुण्यांनी भेटवस्तू परत मागितल्या. विनोद चांगला होता. त्यानंतर मार्नीने बापाचा फोन उचलला नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, घरोघरी टर्की पक्षी भाजतात त्या जेवणाला तरी तिने घरी यावे म्हणून त्याने माफी चित्रात मागितली. रविवारचे रंगीत पान आठ आठवडे आधी पाठवावे लागते. ते सप्टेंबरात गेले आणि नोव्हेंबरात छापून आले.

त्या रविवारी सकाळी त्याच्या बायकोने, जॉयसने, पॅनकेक बाजूला सारून पान उघडले.

"हार्लन, माफी कुठंय?"

"वरच्या ओळीत."

"वरची ओळच नाहीये. नुसती ओव्हनात न मावणारी टर्की आहे."

जागा कमी पडली की बरीच वर्तमानपत्रे रविवारच्या चित्रांची वरची ओळ गाळतात. म्हणून चित्रकार तिथे गाळता येईल तेवढेच घालतो. हार्लनच्या हाताला ही सवय इतकी जडली होती, की माफीही त्याने तिथेच ठेवली.

"टर्कीला दोन ओळी, आणि लेकीला गळणारी!" जॉयस म्हणाली.

मार्नी राहायची त्या डुलुथ शहरातले वर्तमानपत्रही ती ओळ गाळत असे. आता नवी माफी काढली तरी ती छापून येणार थेट जानेवारीत. त्याने जॉयसचा फोन घेऊन मार्नीला लावला.

"बोल, मॉम."

"मी आहे. ठेवू नकोस."

"टर्की पाहिली, डॅड. बरी होती."

"वरच्या ओळीत आणखी काही होतं."

"ती आमच्याकडे येत नाही. तूच सांगितलंयस."

"हो."

"मग काय होतं?"

"ती गोष्ट तुझी होती. मी घ्यायला नको होती. चुकलो." चित्राविना ते फार आखूड वाटले.

"आता हा फोन पेपरात येणार?"

बायकोच्या फोनवरून लेकीशी बोलणारा प्रुइट त्याला चित्राच्या चौकटीत केव्हाच दिसला होता.

"नाही."

"म्हणजे सुचलं होतं."

"सुचलं होतं."

ती नाकातून हसली. "मॉमला दे. किती वाजता यायचं, विचारते."

जॉयसने फोन घेतला. "तीनला ये. नाही गं, ओव्हनात व्यवस्थित मावते. ते यानं उगाच काढलंय."