कोरडे बूट

किल्लीताईचा संशय एकदा कुणावर बसला की डिंकासारखा चिकटायचा, हे पंपघरात सगळ्यांना ठाऊक होतं. स्टोअर सांभाळत तिला बारा वर्षं झाली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून ती किल्लीताई. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. सही घेतल्याशिवाय ती साधा नटसुद्धा कुणाला देत नसे. आणि या खेपेला तिचा संशय बसला होता तुसड्यावर.

आता कारणही तसंच होतं म्हणा. पूर ओसरून अकरा दिवस झाले, तरी सखल भागातलं काळं पाणी पंपघराच्या हौदात येतच होतं. हौदाच्या तोंडाशी लोखंडी जाळी. तिच्यात अडकलेला कचरा आत उतरून हातानं काढावा लागायचा. या कामावर आठ जण होते आणि त्यातले तीन आडवे झाले होते. आधी म्हातारा फिटर, मग वेल्डर आणि चार दिवसांपूर्वी बारक्या, म्हणजे किल्लीताईचा सख्खा धाकटा भाऊ. तिघांचं दुखणं एकच: सणसणून ताप, पोटऱ्यांत गोळे आणि डोळे लालभडक. बारक्या तर कालपासून पिवळा पडत चालला होता.

आणि तुसड्या? ठणठणीत! रोज जाळीवर उतरायचा, रोज वर यायचा, साधी शिंक नाही.

पुराच्या धामधुमीत त्याला दुसऱ्या पंपघरातून इथे पाठवला होता. कुणाशी बोलणं नाही, कुणाच्या हातचा चहा घेणं नाही. डबा खायचा तोही एकटा, खिडकीकडे पाठ करून. खुंटीवर त्याची एक ताडपत्रीची पिशवी लटकायची आणि त्या पिशवीच्या चेनला चक्क कुलूप! ज्याच्या पिशवीला कुलूप त्याच्या मनात पाप, असं किल्लीताईचं ठाम मत. तिच्या स्वतःच्या कमरेला सतरा कुलपांच्या किल्ल्या होत्या, ते सोडा.

त्यात आणखी एक. आजारी पडायच्या आदल्याच दिवशी बारक्याचं आणि तुसड्याचं जुंपलं होतं. टोळी बारक्याच्या हाताखाली. तुसड्या म्हणाला, "माणसांना तासातासाने वर घ्या, पाय धुवायला लावा." बारक्या म्हणाला, "काल आलास आणि आज मला शिकवतोस?" दुसऱ्या दिवशी बारक्याला थंडी भरली. किल्लीताईला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. याला टोळी हवी होती, म्हणून यानं चहात काहीतरी कालवलं. चहाची किटली उघडीच तर असते!

बारक्याला दवाखान्यात नेलं तेव्हा बरोबर तीच होती. डॉक्टरीणबाई दमलेली, बाहेर पेशंटची रांग पायरीपर्यंत. तिनं बारक्याला विचारलं, "पुराच्या पाण्यात उतरला होतात? पाय भिजले होते?"

बारक्या तोंड उघडतोय तोच किल्लीताई म्हणाली, "छे हो! माझ्या स्टोअरचे गमबूट असतात. रोज कोरडे ठणठणीत करून मी स्वतःच्या हातानं देते. थेंब आत जायचा नाही. तुम्ही पोटाचं बघा. याला कुणीतरी काहीतरी खायला घातलंय."

बारक्यानं नुसती मान हलवली. ताई म्हणतेय म्हणजे तसंच असणार. लहानपणापासून त्याची हीच सवय. डॉक्टरीणबाईनं पोटाचं औषध लिहिलं, रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्ट यायला तीन दिवस लागतील म्हणाली. त्यातले दोन गेले होते.

त्या बुटांचा किल्लीताईला भारी अभिमान. पंपघरातल्या मशीनखाली सांडलेलं तेल टिपायला स्टोअरमध्ये लाकडाच्या भुशाची पोती असतात. ती काय करायची, जुन्या सुती कापडाच्या पुरचुंड्या शिवून त्यात हा भुसा भरायची आणि संध्याकाळी प्रत्येक बुटात एक एक कोंबायची. सकाळपर्यंत भुसा ओल ओढून घ्यायचा. पुरचुंडी काढायची, भुसा बदलायचा, बूट तयार. "आईनं लेकराला न्हाऊमाखू घालावं तशी ही बुटांना घालते," म्हातारा फिटर चेष्टेनं म्हणायचा, आणि तीही फुशारून जायची.

आज सकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, यांना लघवीच होत नाहीये. डोळे बघवत नाहीत हो."

किल्लीताईनं फोन ठेवला आणि तडक खुंटीकडे गेली. तुसड्या हौदावर होता. कुलूप चिमुकलं, स्टोअरवालीला ते उघडायला कितीसा वेळ? पिशवी उलटी केली तर बाहेर काय पडलं? रबराच्या बुटांची एक जोडी, साबणाची वडी, एक पंचा आणि तपकिरी औषधाची बाटली.

"सापडलास!" ती बाटली मुठीत धरून वळली, तर दारात तुसड्याच उभा.

"काय सापडलं?" तो शांतपणे म्हणाला.

"हे काय आहे? बोल! माझ्या भावाला काय पाजलंस?"

"ते पायांच्या चिरांना लावायचं आहे. लावून बघा, झोंबतं. प्यायचं नाही." त्यानं बाटली घेतली नाही, बूट मात्र उचलले. "हे दुपारच्या पाळीचे. सकाळचे पायात आहेत."

"स्टोअरचे बूट असताना घरचे कशाला? आमचे काय चावतात?"

"त्यांना उंदराच्या मुताचा वास येतो, ताई."

"तोंड सांभाळून बोल!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, नाक मुरडायचं असेल तर घरचे आण. आणले. आमच्या पंपघरात मागच्या पुरात दोघं गेले. उंदरांची बिळं बुडतात, ते कोरडी जागा शोधत वर येतात. त्यांची लघवी ओलीत मिसळते आणि पायाच्या चिरेतून रक्तात जाते. बारक्याभाऊंना सांगायला गेलो, तर त्यांना वाटलं मला टोळी पाहिजे."

किल्लीताईला आठवलं. अगदी तेच शब्द. नाक मुरडायचं असेल तर घरचे आण! चारचौघांत म्हणाली होती आणि सगळे हसले होते.

ती स्टोअरच्या कोपऱ्यात गेली. भुशाचं पोतं माळ्याखाली अंधारात होतं. पूर आल्यापासून उंदीर झालेत हे तिला दिसत नव्हतं थोडंच? पंपाचे पट्टे कुरतडले म्हणून तिनं सापळेही लावले होते. पण पट्ट्यांपाशी! पोत्याचं तोंड तिनं ओढून उजेडात आणलं. वरचा हातभर भुसा ओलसर, गोळे धरलेला. ती उपसायला गेली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. आत गुलाबी, डोळे न उघडलेली सात-आठ पिल्लं वळवळत होती. ह्याच भुशाच्या पुरचुंड्या ती रोज भरत होती. आजही भरल्या होत्या.

"हौदात कोण आहे?" ती ओरडली.

"तिघं. तुमच्याच बुटांत."

किल्लीताई बारा वर्षांत कधी धावली नव्हती, ती धावली. "वर या! बूट काढा आधी! साबणानं पाय धुवा आणि दवाखान्यात चला!" तिघं गोंधळून वर आले. तुसड्यानं न सांगता आपली साबणाची वडी पुढे केली.

दवाखान्यात रांग होतीच. किल्लीताई रांग मोडून आत शिरली. कुणीतरी शिवी हासडली, तिनं ऐकलीही नाही. "बाई, परवा मी चुकीचं बोलले. माझा भाऊ पाण्यात होता, आणि बुटात उंदराची घाण होती." ती सगळं बोलली, पुरचुंडीसकट. डॉक्टरीणबाईनं औषध बदललं, सुई तिथंच तयार करायला लावली, बारक्याला, फिटरला आणि वेल्डरला घरून तातडीनं आणायला माणूस धाडला, आणि हौदावरच्या तिघांना गोळ्या दिल्या.

"वाचेल ना?" किल्लीताईनं विचारलं.

"हे परवाच कळायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मूत्रपिंडं कशी साथ देतात ते बघू. आत्ताच काही सांगता येत नाही."

बारक्याला आणलं, तेव्हा तो दवाखान्याच्या खाटेवर हळदीसारखा पिवळा पडला होता. उशाशी भावजय बसलेली. किल्लीताईनं माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्या जवळ गेली. त्यानं डोळे किलकिले केले.

"ताई... सापडलं का गं, कुणी केलं ते?"

"सापडलं रे."

"तुसड्याच ना?"

"नाही. मी, बारक्या. माझ्याच बुटांनी झालं. त्या भुशात उंदीर व्याले होते. मला आधी सांगितलंही होतं, मी हसण्यावारी नेलं. आणि डॉक्टरांनाही मीच भलतं सांगितलं."

बारक्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं पाण्यासाठी ओठ पुढे केले.

भावजय उठली. तिनं किल्लीताईच्या हातातला पेला काढून घेतला, मोरीत रिकामा केला, दोनदा विसळला. मग स्वतः पाणी भरून आणलं आणि नवऱ्याच्या तोंडाला लावलं.