मुकादमाची नक्कल

दुभाष्याने प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा आचाऱ्याने साक्षीदाराच्या कठड्यावरचे हात काढून शर्टाला पुसले.

“त्या संध्याकाळी आरोपी खोलीत झोपला होता, असं तुम्ही पोलिसांना सांगितलंत. बरोबर?”

“सांगितलं. पण तो झोपला नव्हता.”

आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेला आचाऱ्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, ताडकन उठला.

“दाजी, गप्प बसा ना.”

शिपायाने त्याला खांदा धरून खाली बसवलं.

खोटं तसं सवयीचंच होतं. परदेशातल्या त्या मजुरांच्या कॅम्पात कुणीही येऊन कुणाचीही चौकशी करो, उत्तर ठरलेलं, झोपलाय. माणूस बाजारात असो नाहीतर दुसऱ्या खोलीत पत्ते कुटत असो, झोपलाय. मुकादम तर वैतागून दारातूनच ओरडायचा, “झोपलात काय रे सगळे?” त्याच मुकादमाचा बांधकामावर खून झाला, पोलीस दारात आले, आणि सगळी खोली एका सुरात म्हणाली, तो झोपला होता. फाटकावरच्या कॅमेऱ्यात मात्र मेहुणा भांग पाडून बाहेर पडताना दिसत होता. त्यात दुपारीच रजेवरून त्याचं मुकादमाशी चारचौघांत वाजलेलं. मग काय, पोलिसांना आयतंच सापडलं. भाजी आणायला म्हणून आधीच निघालेल्या आचाऱ्याची कुणी दखलही घेतली नाही.

“मग आरोपी होता कुठे?”

“लॉन्ड्रीत. माझ्याबरोबर. कामावरून सुटलो की आम्ही दोघं तिथे इस्त्री करतो.”

कामाचा परवाना एका कंपनीचा आणि काम दुसरीकडे, म्हणजे नोकरी गेली आणि देशाबाहेर रवानगी ठरलेली. म्हणून तर मेहुणा कोठडीत बसून राहिला, पण तोंडातून ब्र काढला नाही. दाजींची नोकरी टिकावी, ताईचा संसार चालावा, एवढंच त्या वेड्याच्या डोक्यात. आचाऱ्यानेही मनाची समजूत घातली होती की पोराने काही केलेलं नाही, आज ना उद्या सुटेलच. पण परवा वकिलाने फाशी हा शब्द उच्चारला आणि त्याने खरं सांगायचं ठरवलं.

पुढच्या तारखेला पोलिसांनी लॉन्ड्रीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण आणलं. पडद्यावर आचारी चादरीची घडी घालत होता. शेजारी मेहुणा इस्त्री करत होता. मध्येच त्याने इस्त्री उभी केली, पोट पुढे काढलं, हात पाठीमागे बांधले आणि डावा पाय फेकत मुकादमासारखा चालू लागला. मध्ये मध्ये थांबून टांगलेल्या शर्टांना झापतही होता. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. तिकडे मुकादम मारला गेला, ती हीच वेळ.

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मेहुण्याने ओंजळीत तोंड लपवलं.

तो निर्दोष सुटला. खुनाचा तपास नव्याने सुरू झाला, आणि परवान्याबाहेर काम केलं म्हणून दोघांनाही मायदेशी पाठवायचं ठरलं. आचाऱ्याने व्हरांड्यातूनच बायकोला फोन लावला.

“सुटला तुझा भाऊ,” तो म्हणाला. “पण माझी नोकरी गेली. दोघांनाही परत पाठवतायत.”



“अहो,” ती नाक ओढत म्हणाली, “किती वर्षं या या म्हणतेय. माझं नाही ऐकलंत, कोर्टाचं बरं ऐकलंत.”

आचारी हसला. बरं वाटलं त्याला, अगदी मोकळं. फोन ठेवून तो बाकावर बसलेल्या मेहुण्याला तिचं बोलणं सांगणार, तोच मुकादमाचा म्हातारा थोरला भाऊ समोर येऊन उभा राहिला. खटल्यासाठी तो गावाहून आला होता, आणि प्रत्येक तारखेला मेहुण्याकडे डोळे वटारून बसायचा.

मेहुणा उठून उभा राहिला.

“काका, चुकलं माझं. मेलेल्या माणसाची अशी सगळ्यांसमोर थट्टा झाली.”

“तेव्हा तुला काय माहीत,” म्हातारा म्हणाला. “असाच चालायचा तो. लहानपणी झाडावरून पडला, तेव्हापासून पाय फेकायचा. फोटो आहेत घरी. पण चालताना कुठेच नाही.” तो जरा घुटमळला. “पुन्हा एकदा दाखवशील?”

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. आचाऱ्याने मान हलवली.

मेहुण्याने पोट पुढे काढलं, हात पाठीमागे बांधले. डावा पाय फेकत तो सावकाश व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. येणारे-जाणारे बाजूला झाले.

“ओरडायचाही ना रे तो?” म्हातारा म्हणाला.

“तुमच्यासमोर कसं ओरडू, काका?”

“ओरड.”

मेहुणा वळला. घसा खाकरला.

“झोपलात काय रे सगळे?”

म्हातारा मटकन बाकावर बसला. “हा,” तो म्हणाला, “हाच,” आणि डोळे पुसत हसू लागला.